बँकांकडे पैसा पडून असतो, मग तो कर्जात का जात नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विकसनशील देशांतल्या व्यापारी बँका कायद्याने लागते त्यापेक्षा जास्त रक्कम मध्यवर्ती बँकेत का ठेवतात? लहान उद्योजकाला कर्जासाठी चपला झिजवाव्या लागतात आणि त्याच वेळी बँकांचे लाखो कोटी रुपये नुसते ठेवून दिलेले असतात, हे कसं? मी बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेचा रोजचा पैसा आणि रोखे सांभाळणाऱ्या विभागात, बरीच वर्षं काढली आहेत. म्हणून उत्तर त्या टेबलावरून देतो. उदाहरण मुख्यतः भारताचं घेतो, कारण तेच मला आतून माहीत आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा, नाहीतर पुढचं सगळं फसेल. मध्यवर्ती बँकेतली शिल्लक उचलून कोणी कर्जदाराच्या हातात ठेवत नाही. बँक कर्ज देते तेव्हा कर्जदाराच्या खात्यात रक्कम जमा करते, म्हणजे कर्जाबरोबरच ठेव तयार होते. कर्जदाराने त्यातून दुसऱ्या बँकेत खातं असलेल्या पुरवठादाराचं बिल भागवलं, की पहिल्या बँकेच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून पैसे निघतात आणि दुसरीच्या खात्यात जातात. राहतात मात्र रिझर्व्ह बँकेच्याच वहीत. एकटी बँक आपली जादा शिल्लक दुसरीच्या गळ्यात मारू शकते; सगळ्या बँका मिळून तसं करू शकत नाहीत. व्यवस्थेतून ही शिल्लक बाहेर पडायचे रस्ते मोजकेच आहेत: लोकांनी नोटा काढून नेल्या, कर भरल्यामुळे पैसा सरकारच्या खात्यात गेला, किंवा रिझर्व्ह बँकेनेच डॉलर नाहीतर रोखे विकून तो ओढून घेतला. कर्ज वाढलं की ठेवी वाढतात आणि ठेवींवर सीआरआर (ठेवींचा जो हिस्सा कायद्याने रिझर्व्ह बँकेत ठेवावाच लागतो तो) लागतो, त्यामुळे जादा रकमेतला थोडा भाग ‘आवश्यक’च्या सदरात सरकतो, हे खरं. पण हिशोब करून पाहा. सीआरआर ३ टक्के असेल तर १ लाख कोटींची जादा शिल्लक अशी जिरवायला ठेवी सुमारे ३३ लाख कोटींनी वाढायला हव्यात. तेव्हा ‘बँकांनी इतके लाख कोटी रिझर्व्ह बँकेत दडपून ठेवले’ अशी बातमी वाचली, तर तो न दिलेल्या कर्जांचा आकडा समजू नका.

म्हणून मूळ प्रश्नाचे दोन तुकडे करावे लागतात. व्यवस्थेत एवढी जादा शिल्लक आली कुठून? आणि आल्यावर बँका ती एकमेकींना उसनी देण्याऐवजी, किंवा तिच्या बळावर कर्ज वाढवण्याऐवजी, धरून का बसतात? पहिल्याचं उत्तर बँकांच्या हातात जवळजवळ नसतंच. दुसऱ्याचं असतं, पण लोक समजतात तेवढं नाही.

आधी पहिला तुकडा. विकसनशील देशात जादा शिल्लक येण्याचा सगळ्यात मोठा दरवाजा परकीय चलनाचा. बाहेरून डॉलर येतात, रुपया फार वधारू नये किंवा गंगाजळी वाढावी म्हणून मध्यवर्ती बँक ते विकत घेते आणि बदल्यात बँकांच्या खात्यात रुपये जमा करते. २०२०-२१ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने बाजारातून निव्वळ सुमारे ६८ अब्ज डॉलर उचलले. तेवढ्याचे रुपये बँकांकडे आले, त्यांनी मागितले म्हणून नव्हे. मध्य आफ्रिकेतल्या तेल विकणाऱ्या देशांत हेच तेलाच्या पैशामुळे होतं. सरकार तेलाचं उत्पन्न खर्च करतं, ते देशातल्या मोजक्या बँकांत येऊन पडतं, आणि त्या पैशाला शोषून घेईल असा रोख्यांचा बाजारच तिथे पुरेसा नसतो.

आपल्याकडे याचं सगळ्यात नागडं उदाहरण नोटाबंदीचं. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर लोकांच्या घरातल्या नोटा बँकांत आल्या आणि बँकांची रिझर्व्ह बँकेतली शिल्लक फुगली. ती शोषायला रिझर्व्ह बँकेकडे तेव्हा मुख्य साधन होतं रिव्हर्स रेपो, म्हणजे बँकांकडून थोड्या मुदतीसाठी व्याजाने पैसे घेणं, आणि त्यात रिझर्व्ह बँकेला तारण म्हणून बँकांकडे सरकारी रोखे ठेवावे लागत. रोखे पुरेनात. मग २६ नोव्हेंबरला आदेश निघाला: १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर या काळात जेवढ्या ठेवी वाढल्या, त्यांवर १०० टक्के जादा सीआरआर. एकही रुपया व्याज नाही. २ डिसेंबरला बाजार स्थिरीकरण योजनेची, म्हणजे जादा पैसा शोषण्यासाठी खास सरकारी रोखे विकण्याच्या सोयीची, मर्यादा ३० हजार कोटींवरून ६ लाख कोटींवर नेली, तेव्हा कुठे तो आदेश आठवड्याभराने मागे घेता आला. त्या महिन्यात बँकांनी ‘जास्त राखीव ठेवायचं ठरवलं’ असं कोणी म्हणालं तर ट्रेझरीतली माणसं हसतील.

इथे भारताबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पुस्तकी अर्थाने जादा राखीव, म्हणजे सीआरआरच्या खात्यात गरजेपेक्षा जास्त उरलेली रक्कम, आपल्याकडे फार थोडी असते. त्या शिल्लकीवर २००७ पासून व्याजच मिळत नाही, मग ठेवेल कोण? दिवसअखेरीस उरलेला पैसा आधी रिव्हर्स रेपोत जायचा. ८ एप्रिल २०२२ पासून तो एसडीएफ, म्हणजे स्थायी ठेव सुविधेत जातो. तिथे रेपो दराच्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उधार देते त्याच्या) पाव टक्का खाली व्याज मिळतं आणि रिझर्व्ह बँकेला तारण द्यावं लागत नाही, म्हणजे २०१६ सारखी रोखे संपण्याची अडचण येत नाही. ज्या देशांत अशी व्याज देणारी सोय नाही किंवा तोकडी आहे, तिथे हाच पैसा ‘जादा राखीव’ म्हणून ताळेबंदात उघडा दिसतो. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून ‘त्यांच्या बँका आपल्यापेक्षा भित्र्या’ असा निष्कर्ष काढणारे बहुतेक वेळा फक्त हिशोबाच्या सदरांची तुलना करत असतात.

आता दुसरा तुकडा, आणि खरी गंमत इथे आहे.

सीआरआर रोजच्या रोज तंतोतंत ठेवायचा नसतो. पंधरवड्याची सरासरी गाठायची असते, आणि कुठल्याही दिवशी ९० टक्क्यांच्या खाली जायचं नसतं. समजा एका बँकेला सरासरी ३,००० कोटी ठेवायचे आहेत. म्हणजे रोज किमान २,७०० कोटी. डीलर सुरुवातीच्या दिवसांत थोडं जास्त ठेवतो, कारण पंधरवड्याच्या शेवटी काय वाढून ठेवलंय ते त्याला माहीत नसतं. ट्रेझरीच्या भाषेत ‘प्रॉडक्ट’, म्हणजे रोजच्या शिल्लकीची बेरीज, पुढे ठेवायचं. शेवटच्या दिवसात प्रॉडक्ट मागे पडलेलं असेल आणि कॉल मार्केटमध्ये, म्हणजे बँका एकमेकींना एका रात्रीसाठी उसने देतात त्या बाजारात, पैसे महाग असतील, तर जीव टांगणीला लागतो. रोजची किमान पातळी चुकली तर त्या दिवसाच्या तुटीवर बँक रेटच्या (रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या एका दराच्या) वर ३ टक्के दंड, दुसऱ्या दिवशीही चुकली तर ५ टक्के. दंडाच्या रकमेपेक्षा जाचक असतं ते वरच्या माणसांना द्यावं लागणारं स्पष्टीकरण. उलट पन्नास-शंभर कोटी जास्त राहिले तर कोणी विचारतही नाही. शंभर कोटी एक रात्र बिनव्याजी पडले तर ५ टक्के दराने साधारण १ लाख ३७ हजारांचं नुकसान. मोठ्या बँकेच्या नफ्यात ते शोधूनही सापडणार नाही.

आणि डीलरला दिवसभर नक्की काय माहीत असतं? करन्सी चेस्टचंच, म्हणजे बँकांनी सांभाळलेल्या नोटांच्या कोठारांचंच, घ्या. चेस्टमधल्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या मालकीच्या असतात. शाखांनी चेस्टमधून नोटा उचलल्या की बँकेच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्याला तेवढं नावे पडतं, भरल्या की जमा. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात राज्यभरच्या एटीएममध्ये नोटा भरायच्या असतात. चाळीस चेस्टमधून प्रत्येकी किती उचल झाली, हे एकत्र कळायला संध्याकाळ उजाडते. त्यात १५ तारखेचा आगाऊ कर, २० तारखेचा जीएसटी, एखाद्या मोठ्या कंपनीने अचानक हलवलेली ठेव. पगार आणि सरकारी खर्च महिन्याच्या टोकाला येतात, म्हणजे आधी पैसा जातो आणि मग परत येतो. प्रगत देशांतही हे होतंच, पण तिथे सरकारची रोख ये-जा बरीच अंदाजात असते आणि रोखीचा वापर कमी. आपल्याकडे सण, पेरणी, निवडणूक, लग्नसराई ही सगळी त्या एका खात्यावर ओरखडे काढून जातात. आता तर आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं आणि एनईएफटी त्याच्या वर्षभर आधीपासून. रविवारी रात्री अकरा वाजता ग्राहक पैसे हलवू शकतो, पण त्या वेळी कॉल मार्केट बंद असतं. मग शनिवार-रविवारसाठी खात्यात जास्त पैसा ठेवून जाणं हा मूर्खपणा नाही, तो धंद्याचा भाग आहे.

ठीक, म्हणाल तुम्ही, पण एका बँकेकडे जादा आहे आणि दुसरीला तुटवडा आहे, तर देत का नाहीत एकमेकींना? देतात, पण सगळ्यांना नाही. आकडा मांडून दाखवतो. समजा एसडीएफमध्ये ५ टक्के मिळतात आणि एखादी लहान बँक कॉलमध्ये ५.१० टक्के द्यायला तयार आहे. कॉल विनातारण. शंभर कोटी एका रात्रीसाठी दिले तर जास्तीची कमाई किती? २,७४० रुपये. एवढ्यासाठी शंभर कोटींची जोखीम घ्यायची, त्या बँकेसाठी मंजूर असलेली लिमिट तपासायची, आणि उद्या त्या बँकेवर निर्बंध आले तर चौकशीला सामोरं जायचं. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. ५ मार्च २०२० ला येस बँकेवर स्थगिती आली आणि ५० हजारांची मर्यादा लागली. त्यानंतर ठेवी खासगी बँकांमधून सरकारी बँकांकडे वळू लागल्या. काही राज्य सरकारांनीही आपली खाती हलवायला घेतली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला पत्र लिहून त्यांना आवरावं लागलं. असे दिवस पाहिलेला डीलर २,७४० रुपयांसाठी आपली झोप का घालवेल? पैसे एसडीएफमध्ये टाकून तो घरी जातो.

याचा परिणाम फार मजेशीर दिसतो. २०२३ च्या उत्तरार्धात काही बँका एसडीएफमध्ये मोठ्या रकमा ठेवत होत्या आणि त्याच दिवशी दुसऱ्या बँका एमएसएफमधून, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या महाग खिडकीतून, उधार घेत होत्या. एकाच व्यवस्थेत एकीकडे पूर, दुसरीकडे कोरड. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२३ पासून दोन्ही सुविधांचे व्यवहार सुट्टीच्या दिवशीही उलटवायची (ठेवलेला पैसा परत घ्यायची, उधार घेतलेला फेडायची) मुभा दिली, ती याचसाठी. बँकांमधला बाजार पातळ असला की प्रत्येक बँकेला स्वतःपुरता वेगळा साठा बाळगावा लागतो, आणि सगळ्यांचे साठे मिळून बेरीज अवाढव्य दिसते. माझ्या मते विकसनशील देशांतल्या जादा राखीव रकमेचं हे सगळ्यात कमी चर्चिलेलं कारण आहे. चर्चा होते ती ‘बँकांना कर्ज द्यायचंच नसतं’ याची.

तेही खोटं नाही म्हणा. एप्रिल २०२० पाहा. टाळेबंदी लागली, रिझर्व्ह बँकेने पैसा ओतला, आणि १५ एप्रिलला बँकांनी रिव्हर्स रेपोत ठेवलेली रक्कम होती ६.९ लाख कोटी. दोन दिवसांनी रिव्हर्स रेपोचा दर ४ वरून ३.७५ टक्क्यांवर आणला, हेतू हा की इथे पैसा ठेवणं परवडू नये. त्याच सुमारास बिगर बँक वित्त कंपन्या आणि सूक्ष्म वित्त संस्था यांच्यासाठी खास योजना काढली: बँकांनी रिझर्व्ह बँकेकडून रेपो दराने तीन वर्षांसाठी पैसे घ्यायचे आणि या कंपन्यांच्या रोख्यांत गुंतवायचे. २३ एप्रिलला २५,००० कोटी देऊ केले, मागणी आली १२,८५० कोटींची. स्वस्त पैसा समोर ठेवलाय, तरी अर्धा पडून राहिला. कारण पैसा रिझर्व्ह बँकेचा असला तरी बुडाला तर नुकसान बँकेचंच होतं. दर पाव टक्क्याने कमी केल्याने ही भीती जात नाही. पाव टक्का हा व्याजाचा प्रश्न. मुद्दल परत येईल का, हा वेगळा प्रश्न.

या भीतीला आपल्याकडे इतिहास आहे. मार्च २०१८ मध्ये व्यापारी बँकांची ढोबळ अनुत्पादक कर्जं ११ टक्क्यांच्या वर होती आणि अकरा सरकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या तातडीच्या सुधारणा चौकटीत, म्हणजे कमकुवत बँकांवर घातलेल्या बंधनांत, अडकल्या होत्या. भांडवल तुटपुंजं असलेल्या बँकेसाठी गणित सरळ असतं: शंभर कोटींच्या सरकारी रोख्यांवर पतजोखमीपोटी भांडवल शून्य, आणि पतमानांकन नसलेल्या कंपनीला तेवढंच कर्ज दिलं तर किमान नऊ कोटी बाजूला. शिवाय शाखेतल्या अधिकाऱ्याच्या बाजूने पाहा. दिलेलं कर्ज बुडालं तर उत्तरदायित्वाची फाइल उघडते, निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही. नाकारलेल्या कर्जाबद्दल कोणाची चौकशी झाल्याचं मी तरी पाहिलं नाही.

२००२ च्या सुमाराला रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर राकेश मोहन यांनी यासाठी ‘लेझी बँकिंग’ असा शब्द वापरला होता. त्या काळात एसएलआर, म्हणजे ठेवींचा जो हिस्सा मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावाच लागतो तो, होता २५ टक्के आणि बँका सरकारी रोखे बाळगत होत्या ४१ टक्क्यांच्या आसपास. शब्द चपखल होता, पण मला तो अर्धाच पटतो. व्याजदर पडत होते, रोख्यांच्या किमती चढत होत्या, ट्रेझरीच्या नफ्यातून जुनी बुडीत कर्जं निर्लेखित करता येत होती. आळसापेक्षा त्यात हिशोब जास्त होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत कर्जाची मागणी उठली तेव्हा त्याच ‘आळशी’ बँकांनी इतक्या वेगाने कर्जं दिली की त्यांतली बरीच पुढे बुडीत खात्यात निघाली. तेव्हा सगळे बँकांना धाडसी म्हणत होते.

भारताबाहेर आणखी दोन कारणं दिसतात, ती इथे थोडक्यात. केनियाने सप्टेंबर २०१६ मध्ये कर्जाच्या व्याजावर कमाल मर्यादा घातली: मध्यवर्ती बँकेच्या दराच्या वर जास्तीत जास्त ४ टक्के. हेतू चांगला, पण भाजीच्या गाडीवाल्याची जोखीम त्या दरात बसेना. बँकांनी लहान कर्जं आवरली आणि पैसा सरकारी रोख्यांत घातला. नोव्हेंबर २०१९ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. दुसरं कारण गयानासारख्या छोट्या देशांतलं. मूठभर बँका, कर्जदार ओळखायचा खर्च जबर, मग एका ठरावीक दराच्या खाली कर्ज द्यायचंच नाही. त्या दराला टिकतील असे ग्राहक संपले की उरलेला पैसा मध्यवर्ती बँकेत. स्पर्धा नसेल तर दर उतरवून नवा कर्जदार मिळवायचा दबावही नसतो.

यातून धोरणाची अडचण कळते. जादा शिल्लक सावधगिरीपोटी ठेवलेली असेल, तर सीआरआर वाढवून ती काढून घेतली की बँका साठा पुन्हा उभा करायला कर्ज आवळतात आणि घाव वर्मी बसतो. ती नाइलाजाने साचलेली असेल, तर सीआरआर वाढवूनही बाजाराला फारसं काही होत नाही. १९ मे २०२३ ला २,००० ची नोट मागे घ्यायचा निर्णय झाला, ठेवी फुगल्या, आणि ऑगस्टमध्ये वाढीव ठेवींवर १० टक्के तात्पुरता सीआरआर लागला. तो ऑक्टोबरपर्यंत टप्प्याटप्प्याने सोडला. सप्टेंबर आला, आगाऊ कर भरला गेला, आणि पूर ओसरून टंचाई आली होती. जादा शिल्लक किती टिकाऊ आहे हे ओळखणं रिझर्व्ह बँकेलाही सोपं जात नाही.

तुम्हाला स्वतः हे तपासायचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर ‘मनी मार्केट ऑपरेशन्स’ नावाचं रोजचं पत्रक असतं. लोक फक्त निव्वळ आकडा वाचतात, त्यातून काही कळत नाही. एसडीएफ आणि एमएसएफ या दोन ओळी शेजारी ठेवा. एसडीएफ भरलेला, एमएसएफ जवळजवळ रिकामा आणि कॉलचा दर एसडीएफच्या दराला चिकटलेला, तर व्यवस्थेत खरोखरच पैसा जास्त आहे. दोन्हीकडे मोठे आकडे असतील तर पैसा पुरेसा आहे, फिरत नाही. मग खाली बँकांची रिझर्व्ह बँकेतली त्या दिवसाची शिल्लक आणि त्या पंधरवड्याची सरासरी गरज हे आकडे पाहा. त्यांतला फरक म्हणजे पुस्तकातली जादा राखीव रक्कम. एका दिवसाचा फरक फसवा असतो, म्हणून संपूर्ण पंधरवड्याची बेरीज करा. तो बहुधा इतका लहान निघतो की नजरेतून सुटावा. सरकारच्या शिल्लकीची ओळही त्याच पत्रकात तळाशी असते. करांच्या तारखांच्या आठवड्यात ती आधी वाचा.